पापणीवरची हळद

मंगळवारी माझा भाऊ बागेत गेला. केळीची कापणी होती. घड ट्रकमध्ये चढत असताना तो बांधावर बसला आणि उठला नाही. मजुरांनी त्याला ट्रॅक्टरमध्ये घालून फैजपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. मला धुळ्याला फोन आला तेव्हा मी वर्गात होते. त्याचं वय चव्वेचाळीस होतं. आमचे वडील गेले तेव्हा त्यांचं वय एक्केचाळीस होतं.

मी धुळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. लग्न केलं नाही. गावी जायचं तर धुळ्याहून जळगाव, तिथं गाडी बदलून फैजपूर, आणि पुढं कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आमचं गाव. त्या दिवशी पोहोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. त्याला ओट्यावर ठेवलं होतं. पायाला बागेतला चिखल तसाच होता, कोणी धुतला नव्हता. डोळे मिटलेले होते आणि दोन्ही पापण्यांवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, ते पिवळे डाग दिसत होते. जिवंतपणी तो डोळे उघडे ठेवून बोलायचा, तेव्हा ते अर्धेच दिसायचे. आता पूर्ण दिसत होते.

भाऊबंदांतली एक म्हातारी पुढं आली. तिनं त्याच्या पापणीला बोट लावलं आणि ते आपल्या कपाळाला टेकवलं. म्हणाली, "कानबाईनं आपलं मानूस आपल्याकडे बोलावून घेतलं."

आईनं मान हलवली.

हे डाग काय होते ते इथंच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे-नाक काढतात, नथ घालतात, चौरंगावर बसवून केळीच्या खांबांची मखर करतात. रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी देवी नदीवर जाते. हे साऱ्या खानदेशात होतं. आमच्या भाऊबंदकीत मात्र आणखी एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. देवी उठण्याआधी घरातली सगळ्यात मोठी बाई देवीपुढची ओली हळद बोटावर घ्यायची आणि ज्याच्या पापणीवर पिवळा डाग आहे, त्याच्या त्या डागावर लावायची. समजूत अशी की फार पूर्वी देवीनं आमच्या कुणा पूर्वजाच्या पापणीवर हळदीचं बोट टेकवलं होतं. तेव्हापासून ती खूण आमच्या रक्तात उतरली. ज्याच्या डोळ्यावर ती आली तो देवीचा. सोयरीक ठरवताना ही खूण आम्ही पाहुण्यांना आवर्जून दाखवायचो. पाहुणेही खूश व्हायचे.

माझ्या वडिलांना ती खूण होती. भावाला ती तिशीच्या आतच आली. पण लहानपणीही त्याला खुणेच्या माणसांच्या रांगेत बसवायचे, कारण त्याच्या टाचा वडिलांसारख्या होत्या. टाचेच्या वर मागच्या बाजूला जी जाड शीर असते, ती आमच्याकडच्या खुणेच्या माणसांची फुगलेली, गाठाळ असायची. आजी म्हणायची, टाचा अशा असल्या की डोळ्याला बोट लागनारच. आणि ती सांगायची ते खरं व्हायचं.

माझ्या टाचा सरळ होत्या. मी रांगेत बसत नसे. घरातल्या सुनांबरोबर दाराशी उभी राहून बघायचे. एका वर्षी भावाला माझं वाईट वाटलं असावं. त्यानं स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद पाण्यात कालवली, मला गोठ्यामागं नेलं आणि माझ्या दोन्ही पापण्यांवर बोटं उमटवली. "घे अक्का, आता तू पन," म्हणाला. मी तशीच घरात गेले. आईनं पाहिलं, पदराचं टोक तांब्यात भिजवलं आणि माझे डोळे खसाखसा पुसले. "देवीची नक्कल नाही करायची," एवढंच बोलली. डोळे दुपारपर्यंत चुरचुरत होते.

वडील गेले ते शेतात, दुपारी, पाणी पिता पिता. हे ऐकून लोक म्हणाले, देवीनं त्रास दिला नाही. त्यांचे एक काका तसेच गेले होते. त्यांनाही त्रास झाला नव्हता. आमच्या घराण्यात खुणेच्या माणसाला आजारपण येत नाही, असं अभिमानानं बोललं जायचं. ते खरंच होतं. आजारी पडायला कोणी तेवढं जगतच नव्हतं.

भाऊ जाण्याच्या दोन वर्षं आधी त्याच्या छातीत भरून आलं. घड खांद्यावर घेऊन चालताना जीव घाबरला, बसल्यावर बरं वाटलं. तो कोणाला सांगणारा नव्हता. वहिनीनं मला फोन केला. मी जळगावला एका हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि त्याला तिथंच ये म्हटलं. तो आला, पण आधी जळगावातच मेहरूणला एका नातेवाइकाकडे चहा पिऊन आला, म्हणजे दवाखान्यासाठीच आलो असं नको.

डॉक्टर पन्नाशीचे होते, सावकाश बोलणारे. त्यांनी नाडी बघण्याआधी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "चपला काढा." त्याच्या टाचेमागची शीर त्यांनी दोन बोटांत धरली, दाबली, सोडली.

"वडील आहेत?"

"नाही."

"कशानं गेले?"

"कशानं नाही. शेतात गेले."

"वय काय होतं?"

भावानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं.

रक्त घेतलं, छातीच्या तपासण्या झाल्या. संध्याकाळी आम्ही पुन्हा त्यांच्यापुढं बसलो. कोलेस्टेरॉल फार वाढलेलं होतं. भाऊ हसला. तो काडीसारखा माणूस होता, खांद्याची हाडं सदऱ्यातून दिसायची.

"साहेब, तुमचं मशीन चुकलं असंन. माझ्यात चरबी कुठं आहे? हा शेठ लोकाईचा रोग. मी भाकर खातो, ठेचा खातो, वांग्याचं भरीत खातो."

"भरितावर तेल किती घालता?"

"ते नका विचारू."

डॉक्टरही हसले. मग त्यांनी समजावलं. तेल कमी करा, तळलेलं सोडा, हे करायलाच हवं. पण हा जेवणानं झालेला आजार नाही, म्हणाले. कोलेस्टेरॉल शरीरही बनवतं. रक्तात साठलेलं यकृतानं परत उचलून घ्यायचं असतं. तुमच्या यकृताला ते उचलणं जन्मापासून नीट जमत नाही. वडिलांकडून आलेलं आहे. जे उचललं जात नाही ते रक्तवाहिन्यांत बसतं, टाचेच्या शिरेत बसतं, आणि इथंही बसतं. त्यांनी स्वतःच्या पापणीवर बोट ठेवलं.

भावाचं हसू थांबलं. "ही देवीची खूण आहे," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. दुरुस्ती केल्यासारखा म्हणाला.

"असेल," डॉक्टर म्हणाले. "मी ती पुसायला सांगत नाही. रोज रात्री एक गोळी घ्यायला सांगतोय."

मग उपायांची यादी त्यांनी तोंडीच सांगितली. आधी ही एक गोळी, यकृताचं काम सुधारणारी. तेवढ्यानं भागलं नाही तर तिच्यासोबत दुसरी, आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू न देणारी. त्यानंही नाही झालं तर पोटाच्या कातडीखाली दर पंधरा दिवसांनी घ्यायचं इंजेक्शन निघालं आहे, वर्षातून दोनदाच घ्यायचंही निघालं आहे. "म्हणजे वाटा बऱ्याच आहेत," म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या वेळी एवढ्या नव्हत्या. फक्त कुठलीही वाट धरली की मध्ये सोडायची नाही. जन्मभर."

"जन्मभर," भाऊ म्हणाला.

"आणि मुलांचं रक्त तपासा. मुलं किती?"

"एक पोरगी आहे. कॉलेजात जाते."

"तिला आणा."

"तिचं लग्न होऊ द्या आधी," भाऊ म्हणाला आणि उठला.

गोळी त्यानं घेतली. हे मी स्वतः पाहिलं आहे, दिवाळीत गावी होते तेव्हा. जेवण झालं की खिशातून पाकीट काढायचा, एक गोळी फोडायचा आणि तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळायचा. चेहरा असा की कोणी पैज लावली आहे. वहिनीनं तेलाची बुधली कमी केली. आई म्हणाली, एवढ्या तेलात फोडणी पन हसत नाही. पुढच्या तपासणीत आकडा बराच खाली आला. डॉक्टर समाधानी झाले. तेच चालू ठेवा म्हणाले.

त्यानं बंद केलं.

ही गोष्ट त्यानं लपवली नाही. मी फोनवर विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, एखाद्या कामाचा निकाल लागल्यासारखं.

"रिपोर्ट चांगला आला ना अक्का."

"गोळीमुळं आला."

"मग झालं ना तिचं काम."

"डॉक्टर जन्मभर म्हणाले होते."

"हे बघ. बागेत करपा आला की आपन फवारतो. पान हिरवं झालं की पंप धुऊन ठेवतो. करपा गेल्यावर फवारत बसलं तर पानं जळतात. माझे पाय जळू राह्यले तसे. रात्री पोटऱ्या अशा दुखतात का खाटेवर पाय ठेवता येत नाही. गोळी बंद केली आनि चार रोजात थांबलं."

मी म्हटलं, पाय दुखतात हे डॉक्टरांना सांग, गोळी बदलून देतील, कमी करून देतील, ते म्हणाले होते की वाटा बऱ्याच आहेत.

"सांगतो."

"कधी?"

"कापनी होऊ दे."

केळीला कापणी सरत नाही. एका बागेची होते तोवर दुसरीची निसवण आलेली असते, घड बाहेर पडलेले असतात. आमच्याकडे माणसं सगळ्या गोष्टी कापणीनंतरवर टाकतात, आणि कापणीनंतर असा काळ येत नाही. मी दोन वेळा जळगावची वेळ घेतली. एकदा भाव चढला होता म्हणून तो आला नाही. दुसऱ्यांदा ट्रक यायचा होता. मधल्या काळात कोणी जवस सांगितला, कोणी अर्जुनाची साल, कोणी उपाशीपोटी लसूण. ते सगळं त्यानं मनापासून केलं. लसूण शेतातला होता, साल झाडाची होती. त्यात जन्मभर हा शब्द नव्हता.

तो गेला त्या सकाळी तो लसूण खाऊन बागेत गेला होता. हे वहिनीनं मला तेराव्यानंतर सांगितलं. सांगताना ती लसूणच सोलत होती, आणि मग तिनं तो तसाच सुपात ठेवून दिला.

त्याच दिवसांत भावाची मुलगी, माझी भाची, माझ्याजवळ येऊन बसली. मी ओट्यावर पाय सोडून बसले होते. ती विहिरीवरून पाय धुऊन आली होती, ओलेच पाय पुढं करून बसली. पैंजण सरळ राहत नव्हतं. टाचेच्या मागं जिथं ते टेकायला हवं तिथं उंचवटा होता.

"आत्या," ती म्हणाली, "पट्ट्याची चप्पल मला मागून लागते. दोन दिवसांत सोलून निघतं."

"किती दिवसांपासून?"

"दहावीपासून." मग पायाकडेच बघत, "भाऊंच्या अशाच होत्या ना?"

वडिलांना ती भाऊच म्हणायची, सगळं गाव म्हणायचं म्हणून. मी तिचं तोंड उजेडाकडे केलं. डाव्या पापणीवर, नाकाकडे, तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा डाग होता. तिला माहीत होता. घरात सगळ्यांना माहीत होता. इतक्या लवकर खूण आली म्हणून मागच्या श्रावणात तिला रांगेत पहिलं बसवलं होतं.

मी वहिनीला म्हटलं, हिचं रक्त तपासून घेऊ. वहिनीनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"अक्का, सोयरीक चालू आहे."

ते मला माहीत होतं. धुळ्याकडचे लोक होते, मुलगा नोकरीला. भाऊ असतानाच ते एकदा येऊन गेले होते. मुलाच्या आजीनं भाचीच्या पापणीला बोट लावून कपाळाला टेकवलं होतं. त्यांच्याही घरी कानबाई बसते. वर्ष झालं की साखरपुडा, असं ठरलं होतं.

"रिपोर्ट वाईट आला तर गावात लपून राहील का?" वहिनी म्हणाली. "बाप नाही. आता आजार पन. कोन करून घेईन हिला?"

नाना, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, घरातले मोठे पुरुष आता तेच होते. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "तू शिकलेली आहेस, तुले समजतं. सोयऱ्याच्या घरी गेल्यावर त्याईनं काय तपासायचं ते तपासू दे. आपन आपल्या हातानं पोरीवर शिक्का कायले मारायचा?"

"शिक्का मारलेला आहे नाना. आपण त्याला हळद लावतो."

नाना मनाला लावून घेणारे नव्हते. "तुले नाही लागली म्हणून तू असं बोलतीस," म्हणाले, आणि थोडं हसले. त्यांच्या मनात दुष्टपणा नव्हता.

आईशी बोलणं त्याहून अवघड होतं. नवरा गेला तेव्हा ती तिशीच्या पुढं थोडी होती. मुलगा गेल्यावर ती कोणाशी बोलायचीच कमी झाली. दिवसभर ओसरीच्या खांबाला टेकून बसायची. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, यकृत, रक्त, टाचा. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंग देवीनं माझं घर मोडलं, असं म्हनतीस तू."

"देवीचं नाव मी घेतलं नाही आई."

"डाग देवीचा आहे. डाग वाईट म्हटला का देवी वाईट."

तिनं एवढी वर्षं नवऱ्याचं मरण त्या एका गोष्टीच्या आधारानं सांभाळलं होतं. मुलाचंही त्यावरच उभं केलं होतं. मी ती गोष्ट काढून घेतली असती तर तिच्याजवळ दोन मढी उरली असती आणि दुसरं काही नाही. हे मला दिसत होतं. आणि भाचीची टाचही दिसत होती. मी धुळ्याला परत आले. वर्गात शिकवत राहिले. कोणी ओळखीचं पायऱ्या चढताना थांबलं तरी मी त्याच्या पायांकडे बघायचे.

भाची फोन करायची. अभ्यासाचं बोलायची, मध्येच विचारायची, "आत्या, मुलींना उशिरा होतं का ते?" मी म्हणायचे, होत असेल. ती सज्ञान होती. मी तिला एकटीला गाडीत बसवून जळगावला नेऊ शकले असते. मी तसं म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "आजी विचारेल कुठं गेली होतीस. मी खोटं बोलले तर ती ओळखते. आणि खरं बोलले तर ती जेवत नाही."

वर्ष झालं. वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या श्रावणात कानबाई आमच्याच घरी बसवायची असं नानांनी ठरवलं. घर बंद पडू द्यायचं नाही, म्हणाले. पाहुण्यांनाही निरोप गेला. साखरपुड्याची तारीख देवी उठल्यावर धरायची होती.

मी शनिवारी पोहोचले. भाऊबंदांतल्या बायकांनी घर भरलं होतं. नैवेद्याच्या रोटांचे गहू दळून आले होते, गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरलेलं होतं, केळीचे दोन खांब दाराशी आणून टाकले होते. ते आमच्याच बागेतले होते. भाऊ असताना ते तोच निवडून आणायचा. रविवारी रात्री गाणी झाली. भावाची आठवण निघाली की आवाज खाली यायचा आणि मग कोणीतरी पुढची ओळ उचलायची.

सोमवारी सकाळी देवी उठण्याआधी आई पुढं झाली. आजी गेल्यापासून घरातली मोठी बाई तीच होती. नानांनी हाक दिली, खुणेची मानसं बसा. त्यांच्या एका मुलाच्या पापणीवर बारीक डाग होता, तो बसला. त्याच्या शेजारी भाची बसली. मागच्या वेळी त्या रांगेत मधोमध माझा भाऊ बसला होता. ती जागा कोणी मुद्दाम मोकळी ठेवली नव्हती. ती आपोआप राहिली.

आईनं हळदीत बोट बुडवलं. भाचीची हनुवटी धरून तिनं बोट पापणीला लावलं. डाग हळदीखाली झाकला गेला. आई पुढच्याकडे जाणार तेवढ्यात थांबली. हनुवटी तिनं सोडलीच नव्हती. बराच वेळ ती तशीच भाचीकडे बघत होती. बायका गाणं म्हणायच्या थांबल्या.

मग तिनं पदराचं टोक घेतलं, देवीपुढच्या तांब्यात भिजवलं आणि भाचीची पापणी पुसली. हळद निघून पदराला लागली. डाग तिथंच होता. तिनं पुन्हा पदर भिजवला, पुन्हा पुसलं, या वेळी जोर लावून. भाचीच्या डोळ्यातून पाणी आलं, पण ती हलली नाही. डाग लाल कातडीवर आणखी पिवळा दिसायला लागला.

"हयद पुसली जाते," आई म्हणाली. कोणाकडे न बघता म्हणाली. "लेकीच्या डोयाची मी पुसली होती. तव्हाच निघाली."

नाना आईला म्हणाले, "वहिनी, देवीपुढं हे काय?"

"दोघाईले लावली," ती म्हणाली. "आधी त्याईले सासूनं. मंग पोराले मी. पुसून नाही पाह्यली कधी."

तिनं हळदीची वाटी नानांच्या मुलापुढं न नेता चौरंगावर ठेवून दिली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी माझ्या नेहमीच्या जागी दाराशी उभी होते.

"उद्या हिले घेऊन जाय," म्हणाली. "तुझ्या डाक्टरकडे."

देवी नदीवर गेली. आई गेली नाही. ती खांबाला टेकून बसली आणि पदराचं हळद लागलेलं टोक हातात धरून राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, मले आता काही विचारू नको. मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावला गेलो. वहिनीही आली. डॉक्टरांनी भाचीला बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "भाऊ?" म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

आकडा वाईट आला. भावाचा पहिल्यांदा आला होता त्याच्या जवळपास. छातीच्या तपासण्या मात्र अजून चांगल्या होत्या. "वेळेत आणलंत," ते म्हणाले. वहिनी त्या शब्दावर रडायला लागली आणि बाहेर जाऊन बसली.

भाचीनं प्रश्न विचारले. पाय दुखले तर काय करायचं, हा तिचा पहिला होता. डॉक्टर म्हणाले, बंद करायची नाही, मला फोन करायचा. दुसरी गोळी देऊ, दिवसाआड देऊ, दोन औषधांचं कमी कमी देऊ. एक फांदी तुटली तरी झाड सोडायचं नाही. मग तिनं विचारलं, लग्नाचं काय. त्यांनी वर बघितलं. "लग्न करा. मूल हवं असेल तेव्हा आधी मला भेटायचं. ही गोळी तेव्हा थांबवावी लागते, बाळ अंगावर पितं तोवर थांबवतो. मग पुन्हा सुरू. आणि बाळाचंही रक्त पुढं तपासायचं. हे नवऱ्याला माहीत असायला हवं."

माझंही रक्त त्यांनी घेतलं. ते चांगलं निघालं. मला ठाऊक होतं तसंच निघालं. रिपोर्टचा कागद घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते तेव्हा मला गोठ्यामागचा भाऊ आठवला, बोटाला हळद लावलेला. मला आपल्या रांगेत घ्यायला निघाला होता.

धुळ्याच्या लोकांना भाचीनंच सांगायचं ठरवलं. फोनवर मुलाच्या आईनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. नंतर त्यांनी मला फोन केला. "ताई, मुलीत नाव ठेवायला जागा नाही. पण देवीची खूण म्हणून आम्ही हो म्हटलं होतं. तुम्ही आता रक्ताचं सांगता." मी म्हटलं, दोन्ही एकच आहे. त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना ते कसं समजवायचं?" सोयरीक मोडली. नाना चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एका दिवशी त्यांनी फोन करून डॉक्टरांचा पत्ता विचारला, मुलासाठी. पत्ता दिल्यावर फोन ठेवून दिला.

भाचीला पहिल्या गोळीनं पोटऱ्या दुखल्या, बापासारख्याच. तिनं डॉक्टरांना फोन केला. आता वेगळी गोळी आहे, कमी ताकदीची, आणि सोबत दुसरी. आकडा खाली आला आहे. किती वर्षं खाली ठेवता येईल आणि त्यानं तिला किती वर्षं मिळतील, हे डॉक्टर सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, चालू ठेवा.

बाग वाट्यानं दिली आहे. आई बोलते, पण थोडं. वहिनीनं फोडणीला तेल वाढवलेलं नाही. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते आणि कोणाच्या पापणीला हळद लावत नाहीत. जेवण झालं की आई पाण्याचा तांब्या भाचीकडे सरकवते आणि ती गोळ्या गिळेपर्यंत बघत बसते. भाऊ नाही, वडील नाहीत. भाची एकवीस वर्षांची आहे.